पहिल्या राष्ट्रपतींवर भाषण बसवताय? या चुका टाळा

२६ नोव्हेंबरचा संविधान दिन झाला की नाशिकच्या शाळांमध्ये वक्तृत्व स्पर्धा सुरू होतात आणि त्या थेट २६ जानेवारीपर्यंत चालतात. मधे ३ डिसेंबर येतो, डॉ. राजेंद्रप्रसादांची जयंती. वकील मंडळी हा दिवस अधिवक्ता दिन म्हणून पाळतात. जेलरोडला आमच्या भागातल्या मुलांची भाषणं मी बरीच वर्षं बसवून घेते आहे, कधी परीक्षक म्हणूनही बसते. बाबासाहेब, टिळक, सावित्रीबाई यांच्यावर मुलं जीव तोडून बोलतात. राजेंद्रबाबूंची पाळी आली की मात्र तोच एक उतारा, त्याच चुका आणि शेवटी "अशा या थोर नेत्याला माझे कोटी कोटी प्रणाम". मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण माणूस फार मोठा होता आणि त्याचं मोठेपण या उताऱ्यात कुठेच येत नाही. म्हणून पालक, शिक्षक आणि मुलांसाठी हे लिहिते आहे.

नावापासूनच गडबड

आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी सवय. त्यामुळे मुलं बेधडक "राजेंद्र महादेव प्रसाद" लिहितात. वडील महादेव सहाय, थोरले भाऊ महेंद्रप्रसाद. बाप सहाय आणि मुलगे प्रसाद! म्हणजे "प्रसाद" हे आपल्या अर्थाचं आडनाव नाहीच, तो नावाचाच भाग आहे. "श्री. प्रसाद म्हणाले" हेही कानाला खटकतं. राजेंद्रप्रसाद किंवा राजेंद्रबाबू म्हणा, त्यांच्या काळी सगळे तसंच म्हणत.

गाव जिरादेई. ते तेव्हाच्या सारण जिल्ह्यात होतं, आज सिवान जिल्ह्यात आहे. त्यामुळे दोन पुस्तकांत दोन जिल्हे दिसले तर घाबरू नका, दोन्ही बरोबर आहेत. जन्म १८८४ चा. बिहार हा वेगळा प्रांत झाला १९१२ मध्ये, तोवर तो भाग बंगालमध्येच होता. हुशार बिहारी मुलगा शिकायला कलकत्त्याला का गेला, याचं उत्तर त्यातच आहे.

"परीक्षार्थी परीक्षकापेक्षा श्रेष्ठ" या वाक्याने सुरुवात

दहातली आठ भाषणं इथून सुरू होतात. एका उत्तरपत्रिकेवर परीक्षकाने असा शेरा मारला, अशी ती गोष्ट. सांगायचीच असेल तर आख्यायिका म्हणून सांगा, आणि भाषणाचा दरवाजा तिच्या हाती देऊ नका. पक्कं आहे ते काही कमी नाही. १९०२ साली कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत हा मुलगा पहिला आला आणि त्याला महिना ३० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या विद्यापीठाचा पसारा तेव्हा बंगालच्याही पलीकडे होता. खेड्यात मौलवींकडे फारसीपासून शिक्षण सुरू केलेल्या मुलाने तिथे पहिलं यावं, हे शेऱ्यापेक्षा जास्त बोलतं.

तीन "अध्यक्ष" एकात मिसळणे

सगळ्यात जास्त गुण इथे जातात, म्हणून इथे थोडं थांबते.

एका मुलीने मला ठणकावून सांगितलं की राजेंद्रबाबू १९३४ साली राष्ट्रपती झाले. मी चूक म्हणाले तर तिने सार्वजनिक वाचनालयातून, आपल्या सावानातून, आणलेलं जुनं पुस्तकच पुढे केलं. छापलेलं होतं: राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद. पुस्तकही बरोबर होतं आणि मुलगीही प्रामाणिक होती. स्वातंत्र्यापूर्वी काँग्रेसच्या अध्यक्षाला "राष्ट्रपती" म्हणायची पद्धत होती! ऑक्टोबर १९३४ च्या मुंबई अधिवेशनाचे अध्यक्ष राजेंद्रबाबू होते. पुढे सुभाषबाबूंनी राजीनामा दिल्यावर १९३९ मध्ये आणि कृपलानींनी सोडल्यावर १९४७ मध्ये ती जबाबदारी पुन्हा त्यांच्याकडे आली. जुन्या मजकुरात "राष्ट्रपती" दिसला की आधी साल बघायचं.

यातूनच एक खास नाशिकची चूक निघते. सप्टेंबर १९५० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नाशिकला झालं. राजेंद्रबाबू तेव्हा राष्ट्रपती होते, म्हणून काही मुलं त्यांनाच त्या अधिवेशनाचं अध्यक्ष करून टाकतात. अध्यक्ष होते पुरुषोत्तमदास टंडन.

दुसरं पद संविधान सभेचं. सभा ९ डिसेंबर १९४६ ला पहिल्यांदा बसली, तेव्हा तात्पुरते अध्यक्ष सच्चिदानंद सिन्हा होते. ११ डिसेंबरला राजेंद्रबाबू कायमचे अध्यक्ष झाले. मसुदा समिती वेगळी, ती नेमली २९ ऑगस्ट १९४७ ला आणि तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आपली मुलं बाबासाहेबांबद्दल चुकत नाहीत. पण मग राजेंद्रबाबूंनी काय केलं, असं विचारलं की गप्प होतात. त्यांनी जवळजवळ तीन वर्षं ती सभा चालवली. टोकाची मतं असलेल्या शेकडो माणसांना बोलू दिलं, वेळेवर थांबवलं आणि कामही पुढे नेलं. राष्ट्रध्वज ठरवण्यासाठी जी समिती नेमली, तिचेही अध्यक्ष तेच. तिच्या शिफारशीनंतर २२ जुलै १९४७ ला सभेने तिरंगा स्वीकारला. हे वाक्य मी आजवर एकाही भाषणात ऐकलेलं नाही. आयतं मिळालंय, घ्या.

२६ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात त्यांनी दोन खंती बोलून दाखवल्या. कायदे करणाऱ्यांसाठी काही पात्रता ठरवता आली नाही, ही एक. स्वतंत्र भारताचं पहिलं संविधान भारतीय भाषेत करता आलं नाही, ही दुसरी. आनंदाच्या दिवशी, अध्यक्षाच्या खुर्चीवरून! नववी-दहावीच्या मुलाने एवढ्या एका प्रसंगावर पाच मिनिटं बोलावं, परीक्षक कान टवकारून ऐकतील.

तिसरं पद राष्ट्रपतीचं. २४ जानेवारी १९५० हा दिवस लक्षात ठेवा. त्या दिवशी सदस्यांनी संविधानावर सह्या केल्या, "जन गण मन" राष्ट्रगीत असल्याचं राजेंद्रबाबूंनी सभेत जाहीर केलं, "वंदे मातरम्"ला समान मान असेल हेही सांगितलं, आणि राष्ट्रपतिपदावर त्यांची बिनविरोध निवड झाल्याचं जाहीर झालं. शपथ दोन दिवसांनी, २६ जानेवारीला.

"१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि राजेंद्रबाबू राष्ट्रपती झाले"

मधली अडीच वर्षं गेली कुठे? त्या काळात राष्ट्रपती हे पदच नव्हतं. गव्हर्नर जनरल होते, आधी माउंटबॅटन आणि जून १९४८ पासून राजगोपालाचारी. नव्याने स्वतंत्र झालेल्या बऱ्याच देशांत असंच घडलं. घाना स्वतंत्र झाला मार्च १९५७ मध्ये, पण एन्क्रुमा राष्ट्राध्यक्ष झाले जुलै १९६० मध्ये. पाकिस्तानला पहिला राष्ट्राध्यक्ष मिळाला १९५६ साली. स्वातंत्र्य आणि प्रजासत्ताक या दोन वेगळ्या तारखा आहेत, एवढं समजलं की ही चूक पुन्हा होत नाही.

शपथ सरन्यायाधीश हरिलाल कानिया यांनी दिली. त्या सोहळ्याची जागा आजचं राष्ट्रपती भवन, पण संचलन मात्र राजपथावर नव्हतं, ते आयर्विन स्टेडियममध्ये झालं. पाहुणे होते इंडोनेशियाचे सुकार्नो, तेही आपल्या देशाचे पहिलेच राष्ट्राध्यक्ष. चित्रफलक करणाऱ्या शाळांनी आजच्या कर्तव्यपथाचा फोटो चिकटवण्याआधी हे बघावं.

मतांचा आकडा वाचून गोंधळ

"१९५२ मध्ये त्यांना ५,०७,४०० लोकांनी मतं दिली." नाही. राष्ट्रपतीला आमदार-खासदार निवडतात, आणि ते तेव्हा देशभरात चार हजारांच्या आसपास होते. प्रत्येक आमदाराच्या मताला त्याच्या राज्याच्या लोकसंख्येप्रमाणे मूल्य असतं, खासदाराच्या मतालाही ठरावीक मूल्य असतं; मिळालेल्या मतांच्या मूल्यांची बेरीज म्हणजे हा आकडा. समोर के. टी. शाह होते, त्यांना ९२,८२७. १९५७ मध्ये राजेंद्रबाबूंना ४,५९,६९८.

"दोनदा" की "तीनदा" यावर स्टाफरूममध्ये वाद होतात. १९५० ची निवड संविधान सभेने केली, १९५२ आणि १९५७ ची निवडणुकीने झाली. तेव्हा "दोनदा निवडणूक जिंकलेले एकमेव राष्ट्रपती" हे बरोबर आणि एकूण बारा वर्षांहून अधिक काळ हेही बरोबर.

चंपारणमध्ये स्वागत करणारे राजेंद्रबाबू

हे दृश्य नाटुकल्यांत हमखास असतं. राजेंद्रबाबू हात जोडून दारात उभे, गांधीजी आत येतात. घडलं ते उलटंच. एप्रिल १९१७ मध्ये चंपारणचे शेतकरी राजकुमार शुक्ल गांधीजींना पाटण्याला राजेंद्रबाबूंच्या घरी घेऊन गेले, तेव्हा राजेंद्रबाबू पुरीला होते. नोकरांनी या अनोळखी माणसाची जात माहीत नाही म्हणून त्याला विहिरीवर पाणी काढू दिलं नाही आणि घरातला संडासही वापरू दिला नाही. राजेंद्रबाबू नंतर चंपारणला येऊन मिळाले. तिथे जमलेल्या वकिलांपैकी प्रत्येकाचा स्वतःचा नोकर, स्वतःचा स्वयंपाकी, वेगळी चूल. जेवायला मध्यरात्र व्हायची. गांधीजींनी हसत हसत हे मोडून काढलं आणि सगळ्यांची एक चूल झाली. पाटणा हायकोर्टातला नावाजलेला वकील, जातीचे जेवणाचे नियम काटेकोर पाळणारा, इथे बदलला. नाटुकलं करायचंच तर ही चूल दाखवा. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाच्या गावात विहिरीवर अडवलेला माणूस दाखवला तर प्रेक्षकांना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

देव करून टाकणे

ही चूक मोठी माणसं करतात आणि मुलांकडून करून घेतात. साधेपणा, त्याग, विद्वत्ता, सगळं खरं. पण हा माणूस आयुष्यभर दम्याने हैराण होता. मनात द्विधा होत असे. १९१० मध्ये कलकत्त्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांना भारत सेवक समाजात बोलावलं. जायची तीव्र इच्छा होती, थोरल्या भावाला पत्र लिहून परवानगी मागितली. घरच्यांचं मन होईना, आणि ते गेले नाहीत. पुढे असहकारात वकिलीवर पाणी सोडणारा माणूस तोच. दहा वर्षांचं हे अंतर मुलांना कळायला हवं. आपल्याही घरी मुलं काही वेगळं करायचं म्हणतात आणि घरचे नाही म्हणतात.

मतभेदही झाकू नका. मे १९५१ मध्ये नव्याने बांधलेल्या सोमनाथ मंदिराच्या सोहळ्याला राजेंद्रबाबूंनी जाऊ नये असं नेहरूंचं मत होतं, तरी ते गेले. हिंदूंचे विवाह आणि वारसा यांचे कायदे बदलणाऱ्या हिंदू कोड बिलाला त्यांचा विरोध होता आणि राष्ट्रपती म्हणून आपण स्वतःच्या मताने निर्णय घ्यावा का, असा प्रश्न त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये नेहरूंपुढे मांडला. ॲटर्नी जनरल सेटलवाड यांचं मत पडलं की राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेला असतो. बिल रखडलं म्हणून त्याच महिन्यात बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. या बाबतीत मी बाबासाहेबांच्या बाजूची आहे आणि मुलांना ते सांगते. पण हेही सांगते की १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा वारसा कायदा राजेंद्रबाबूंच्याच सहीने झाला. मत पटलं नाही तरी मर्यादा मोडली नाही. १९६० मध्ये एका जाहीर भाषणात त्यांनी राष्ट्रपतीच्या अधिकारांचा अभ्यास व्हावा असं पुन्हा म्हटलं, म्हणजे प्रश्न त्यांच्या मनातून गेलेला नव्हता. राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालावं असं लिहून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो कागदावर मिटवला.

छोट्या, पण गुण खाणाऱ्या चुका

"देशरत्न" आणि "भारतरत्न" एक नव्हे. पहिली लोकांनी लावलेली बिरुदावली, दुसरा १९६२ मध्ये मिळालेला सन्मान. तो मरणोत्तर नव्हता. पदावर असताना निधन झालं ते झाकिर हुसेन आणि फखरुद्दीन अली अहमद यांचं. राजेंद्रबाबू मे १९६२ मध्ये निवृत्त होऊन पाटण्याच्या सदाकत आश्रमात राहायला गेले आणि २८ फेब्रुवारी १९६३ ला तिथेच वारले. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात "धावून गेले" म्हणताना आठवा की तेव्हा ते तुरुंगात होते, दोन दिवसांनी सुटले आणि आजारी असतानाच मदतीच्या कामाला लागले. १९४२ ते ४५ बांकीपूरच्या तुरुंगात काढली, आत्मकथेचा मोठा भाग तिथे लिहिला. आमच्या जेलरोडची मुलं शाळेला जाताना रोज तुरुंगाची भिंत बघतात, त्यांना हे एकदा सांगितलं की पुरतं.

तारीख अडली तर

दोन ठिकाणी दोन तारखा आल्या तर जास्त वेळा छापलेली खरी, असं समजू नका. संविधान सभेच्या चर्चा दिवसावार छापलेल्या आहेत, त्या उघडा. भाषण सात मिनिटांचं झालं आणि वेळ पाचच असेल तर पदव्यांची यादी कापा, चंपारणची चूल ठेवा.

आणि जमलं तर एखाद्या संग्राहकाकडून एक पोस्टाचं तिकीट बघायला मिळवा. १३ मे १९६२ ला, राजेंद्रबाबू पदावरून उतरले त्याच दिवशी, १५ नव्या पैशांचं तिकीट निघालं, त्यावर त्यांचाच चेहरा आहे. माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, हे तिकीट तिथेच छापलं गेलं. त्यांच्या वहीतलं ते मी वर्गात नेते. मुलं भिंग लावून बघतात, आणि मग कोणीतरी विचारतंच, "मॅडम, हे जिवंत असताना कसं काय निघालं?" त्या प्रश्नानंतर मी त्यांच्या हातात कोरा कागद देते.