नाईक यशवंत घाडगे रंगवायला घेण्याआधी

आधी महिना बघा, म्हणजे तुमचा सैनिक कुठल्या महिन्यात लढला ते. ब्रश, रंग, प्रायमर सगळं नंतर, आधी महिना. गेल्या वेळी मी ५४ मिमीची सैनिकाची मूर्ती घेतली, दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे करायचे म्हणून, आणि इटलीतला एक छान फोटो सापडला तसे कपडे रंगवून टाकले, जाड लोकरी सर्जचा बॅटलड्रेस (लढाईचा गणवेश), तपकिरी, तीन आठवडे नुसत्या चुण्या शेड करत बसलो. फोटो हिवाळ्यातला होता. घाडगे पडले १० जुलै १९४४ ला, वरच्या टायबर खोऱ्यात, ऐन उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात तिथे खाकी ड्रिल घालायचे, म्हणजे पातळ सुती कापड, फिकट वाळूसारखं, धुऊन धुऊन अजून उडालेलं. अख्खी मूर्ती परत खरवडली.

म्हणून फोटो मिळाला की त्याच्याखालची तारीख वाचा, नसेल तर तो फोटो कपड्यांसाठी वापरू नका. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रंग कळत नाही पण कापड कळतं, सर्जची घडी जाड आणि गोल पडते, ड्रिलची बारीक, धारदार. पुढे कोणी नामदेव जाधव, तेही व्हिक्टोरिया क्रॉसवाले, करणार असेल तर तेही इटलीच, तीच रेजिमेंट, पण सेनिओ नदी, ९ एप्रिल १९४५. मधे नऊ महिने गेलेत, तेव्हा महिना परत बघा!

मग घाडग्यांचं सायटेशन, म्हणजे पदक कशासाठी दिलं त्याचं अधिकृत वर्णन, नीट वाचा, पोझ त्यातूनच ठरते. मशीनगनच्या फायरमध्ये सेक्शनमधले बाकी सगळे मेले नाहीतर जखमी झाले, हे एकटे धावले, ग्रेनेडने मशीनगन बंद पाडली, टॉमी गनने एकाला टिपलं, मॅगझिन बदलायला वेळच नव्हता म्हणून टॉमी गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी तिनेच मारलं. मग स्नायपरच्या गोळ्या लागल्या. वय २२. त्यामुळे मॅगझिन बदलतानाची पोझ घेऊ नका प्लीज, माणगावला त्यांचा पुतळा आहे, तिथली माणसं बघतील हे.

दंडावर नाईकच्या दोन फिती, तीन नाही. १९३७ पॅटर्नचे पट्टे आणि पाऊच ब्लँको (पट्ट्यांना चोपडायचा रंगीत लेप) लावलेले हिरवट खाकी, शर्टाच्याच बाटलीतून रंगवू नका. हेल्मेट थाळीसारखं, मार्क २.

साबणाच्या पाण्याने धुणं, सांध्याच्या रेघा घासणं, प्रायमर, हे माहितीच असेल. रंग पातळ, दोन-तीन हात. छोट्या मूर्तीवर खरा रंग गडद दिसतो म्हणून ड्रिल अजून थोडं उजळ घ्या, पण ड्रिलच, सर्ज नाही, जुलै आहे.

चेहरा आधी, डोळे फार पांढरे नकोत. बूट, धूळ, बेस. मॅट वार्निश पावसाळी हवेत स्प्रे करू नका, पांढुरकं होतं, ब्रशने लावा. बेसवरच्या पट्टीवर नाव आणि पूर्ण तारीख लिहा, महिन्यासकट.