लहान ट्रॅक्टरने ड्राइव्हवेवरचा खोल बर्फ काढताना या चुका टाळा

न्यू यॉर्क राज्यातील टग हिल पठार, मिशिगनचा कीविनॉ द्वीपकल्प किंवा ऑन्टेरियोतील जॉर्जियन बेचा किनारा या भागांत हिवाळी वारा सरोवरांवरून बाष्प उचलतो आणि जमिनीवर येताच ते बर्फाच्या रूपाने टाकून देतो. कीविनॉमध्ये 1978-79 च्या हिवाळ्यात 390.4 इंच, म्हणजे साडेबत्तीस फूट बर्फ पडल्याची नोंद आहे. शहरातील घर सोडून अशा ग्रामीण भागात दोन-चार एकर जागेवर राहायला गेलेल्या माणसाला पहिल्याच मोसमात समजते की घर आणि सरकारी रस्ता यांच्यामधली दोन-तीनशे फुटांची वाट मोकळी ठेवणे ही सर्वस्वी त्याची जबाबदारी आहे. त्यासाठी तो वीस-पंचवीस अश्वशक्तीचा, पुढे लोडर (उचलणाऱ्या हातांवर बसवलेली बकेट) असलेला छोटा ट्रॅक्टर घेतो. हे यंत्र या कामाला पुरेसे आहे, मात्र त्याची ताकद कशात आहे आणि कशात नाही हे ओळखूनच ते वापरावे लागते.

आधी वजनाचा हिशेब करावा. ताज्या, कोरड्या बर्फाचे वजन घनमीटरला 50 ते 100 किलो असते, तर ओल्या किंवा वाऱ्याने दाबलेल्या बर्फाचे 300 किलोंच्याही पुढे जाते. 300 फूट लांब आणि 10 फूट रुंद वाटेवर दीड फूट बर्फ साचला, तर तो सुमारे 127 घनमीटर भरतो. म्हणजे कोरडा असल्यास बारा-तेरा टनांपर्यंत आणि ओला असल्यास अडतीस टनांच्या आसपास. ज्या ट्रॅक्टरला हे हलवायचे आहे, त्याचे स्वतःचे वजन लोडरशिवाय जेमतेम साडेसहाशे-सातशे किलो असते. म्हणून एका दमात सगळे ढकलून टाकण्याचा विचार मनातून काढून टाकावा. पुढच्या बहुतेक चुका त्या विचारातूनच होतात.

मागे वजन न लावता लोडर वापरणे

ही सर्वांत धोकादायक चूक आहे आणि महाराष्ट्रात ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाकडून ती होण्याची शक्यता अधिक असते. आपल्याकडे नांगर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र ही सारी अवजारे मागे जोडलेली असतात, त्यामुळे पुढची चाके उचलली जातील की काय, एवढीच काळजी हाताला सवयीची असते. अमेरिकेत महिंद्राचे ट्रॅक्टर 1994 पासून विकले जात आहेत, आणि बॉनेटवर ओळखीचे नाव पाहिले की हात ओळखीच्या सवयीने चालू लागतात. पण लोडर लावला की तोल उलटा होतो. बकेट भरली की भार पुढच्या आसावर जातो, मागची चाके हलकी होतात, आणि बहुतेक लहान ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्याच चाकांना असतात. उतारावर भरलेली बकेट घेऊन फक्त दोन चाकांच्या जोरावर उतरणारा ट्रॅक्टर म्हणूनच ब्रेक दाबूनही घसरत जातो.

यावर उपाय म्हणजे मागच्या थ्री-पॉइंट जोडणीवर वजनाची पेटी किंवा तेवढेच जड अवजार लावणे. या आकाराच्या ट्रॅक्टरांना साधारण 250 ते 300 किलो वजन लागते, पण नेमका आकडा आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. मागे एखादे हलके ब्लेड जोडून समाधान मानू नये. टायरमध्ये द्रव भरण्याची पद्धतही चांगली आहे. बीटच्या रसापासून केलेला द्रव पाण्यापेक्षा जड असतो, कडक थंडीतही गोठत नाही आणि रिमला गंज चढवत नाही. कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण जड आणि स्वस्त असले तरी गळती झाल्यास रिम खाऊन टाकते. उतारावर फोर-व्हील ड्राइव्ह कायम चालू ठेवावा, कारण त्यामुळे मागचे ब्रेक पुढच्या चाकांनाही रोखतात, आणि बकेट जमिनीलगत ठेवावी.

वजन लावूनही चाके जागच्या जागी फिरत असतील, तर साखळ्या बांधण्याची वेळ आली आहे असे समजावे. कारखान्यातून बहुतेकदा येणारे जाड दाढांचे औद्योगिक टायर चिखलात बरे चालतात, पण गोठलेल्या गुळगुळीत थरावर फार कमी पकड देतात. साखळी घेण्यापूर्वी टायर आणि मडगार्ड यांच्यातले अंतर मोजावे. अगदी लहान ट्रॅक्टरांमध्ये ते इतके कमी असते की चाक बाहेर सरकवणारे स्पेसर लावल्याशिवाय साखळी बसत नाही. बांधल्यानंतर थोडे अंतर चालवून ती पुन्हा ताणावी लागते, आणि ही पायरी अनेक जण गाळतात. डिफरन्शियल लॉक (दोन्ही मागची चाके एकाच वेगाने फिरवणारी कळ) केवळ सरळ रेषेत वापरावा आणि वळण्याआधी सोडावा.

बर्फ कुठे जाणार हे न ठरवता सुरुवात करणे

डिसेंबरच्या पहिल्या वादळात बर्फ वाटेच्या कडेला जेमतेम सरकवला की काम झाले असे वाटते. तो तिथेच घट्ट होतो, पुढच्या वादळाचा बर्फ त्याला येऊन अडतो, आणि फेब्रुवारीपर्यंत दहा फुटांची वाट सात फुटांवर येते. हिवाळ्याच्या सुरुवातीलाच कडेचा बर्फ वाटेपासून चार-पाच फूट पलीकडे ढकलून ठेवणे हाच त्यावरचा इलाज आहे, कारण नंतर ते करणे जवळजवळ अशक्य होते. हलवलेल्या बर्फाचे कण एकमेकांना चिकटून काही तासांतच कडक होतात. सकाळी वाटेत अर्धवट सोडलेली रांग संध्याकाळी भिंतीसारखी लागते. हाती घेतलेला बर्फ त्याच फेरीत शेवटच्या जागी पोहोचवावा.

ढीग वाऱ्याच्या दिशेला रचू नये. सरोवरांच्या या पट्ट्यात वारा बहुधा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो. त्या बाजूला उंच ढीग असला की त्याच्या आडोशाला, म्हणजे नेमका वाटेवर, उडता बर्फ साचतो. ढीग पूर्वेला किंवा आग्नेयेला असावा आणि वितळलेले पाणी घराच्या पायाकडे किंवा वाटेवर परत येणार नाही इतका उतार तिथे असावा.

वाट जिथे सरकारी रस्त्याला मिळते तिथली चूक तर दर वर्षी घरोघरी होते. आपण तोंड मोकळे करतो, आणि तासाभराने सरकारी रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा प्लाऊ ट्रक येऊन कमरेइतका बांध घालून जातो. अमेरिका आणि कॅनडात वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिल्यास ट्रक आपल्या डावीकडून येतो आणि ब्लेडवरचा बर्फ पहिल्या मोकळ्या जागेत सोडतो. ती जागा आपली वाट ठरू नये यासाठी वाटेच्या डाव्या बाजूला, रस्त्याच्या कडेने एक लांबट खिसा आधीच रिकामा करून ठेवावा आणि आपला ढीग उजवीकडे घालावा. ढीग उंच होऊ देऊ नये, नाहीतर गाडी बाहेर काढताना रस्ता दिसत नाही. बर्फ रस्त्यापलीकडे ढकलण्याचा मोह मात्र पूर्णपणे टाळावा. न्यू यॉर्क, मिशिगन आणि ऑन्टेरियो या तिन्ही ठिकाणी आपल्या आवारातला बर्फ सार्वजनिक रस्त्यावर टाकण्यास कायद्याने मनाई आहे, आणि मागे राहिलेल्या घट्ट ढेकळावर रात्री एखादी गाडी आदळू शकते.

आणखी काही जागा वर्ज्य मानाव्यात. सेप्टिक टाकी आणि तिचे शोषक्षेत्र यांवरून ट्रॅक्टर नेऊ नये. मोकळा बर्फ जमिनीला उबदार ठेवतो, तर दाबलेल्या बर्फाखाली थंडी खोल उतरते आणि नळ गोठू शकतात. घराच्या भिंतीतून बाहेर येणारी, घर गरम करणाऱ्या भट्टीची धुराची नळी तर कधीच झाकली जाऊ नये. ब्लोअरने (ट्रॅक्टरला जोडलेल्या, बर्फ नळीतून दूर फेकणाऱ्या अवजाराने) उडवलेला बर्फ तिच्यावर पडला, तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो. या वायूला वास नसतो, म्हणून काम संपल्यावर त्या भिंतीला फेरी मारून नळी डोळ्यांनी पाहणे मी अनिवार्य समजतो. नळी, विहिरीचे तोंड, प्रोपेनची टाकी, वाटेखालच्या मोरीची टोके आणि वाटेच्या दोन्ही कडा यांजवळ चमकत्या पट्टीचे उंच खांब नोव्हेंबरात, जमीन गोठण्यापूर्वीच रोवावेत.

वादळ थांबण्याची वाट पाहणे

दोन फूट बर्फ पडणार असेल, तर सहा-आठ इंच साचताच पहिली फेरी मारावी. काम तिप्पट होते असे वाटते, पण प्रत्येक वेळी यंत्राच्या आवाक्यातलेच वजन पुढे असते. झोपेत वादळ येऊन गेले आणि उठल्यावर सगळे एकदम समोर आले, तर थरांनी काम करावे: बकेट जमिनीपासून फूटभर वर धरून आधी वरचा थर उचलून बाजूला न्यावा, मग खालचा. पूर्ण रुंदीऐवजी अर्धी बकेट भरेल एवढाच घास घ्यावा. दूरवरून वेग घेऊन ढिगाला धडक देऊ नये. लोडरचे हात उचलण्यासाठी बनवलेले असतात, धडकेसाठी नाही, आणि बर्फाखाली गोठलेला दगड असल्यास हात वाकतात किंवा ट्रॅक्टरच्या सांगाड्याला तडा जातो.

असेच नुकसान बकेट उभी करून मागे ओढण्याने होते. गॅरेजच्या दारापासून बर्फ मागे खेचण्यासाठी चालक बकेट पूर्ण खाली वळवतो, तिची धार जमिनीत रुतवतो आणि ट्रॅक्टर मागे घेतो. त्या वेळी बकेट वळवणाऱ्या सिलिंडरचे दांडे पूर्ण बाहेर आलेले असतात आणि सगळा भार त्यांच्यावर येऊन ते वाकतात. बकेट थोडीच कलती ठेवावी, लोडर फ्लोटवर टाकावा, म्हणजे बकेट जमिनीच्या चढउतारांप्रमाणे आपोआप वरखाली होते, आणि हळू ओढावे.

खडीची वाट खरवडणे

ग्रामीण भागातल्या बहुतेक वाटा खडीच्या असतात. जमीन गोठण्यापूर्वी पडलेला पहिला बर्फ मुळापर्यंत काढायला गेल्यास खडी बर्फासोबत हिरवळीत जाते आणि एप्रिलमध्ये ती दाताळ्याने वेचत बसावे लागते. पहिल्या एक-दोन वादळांचा बर्फ गाडीच्या चाकांखाली दाबू द्यावा आणि त्याचाच थर गोठल्यावर वाटेचा पाया म्हणून वापरावा. फ्लोटवर ठेवूनही खडी निघत असेल, तर धारेचा कोन बदलावा किंवा बकेटच्या धारेवर लांबीला चिरलेला पाइप बसवावा; गोल कड खडीवरून सरकते. ब्लोअरचे स्किड शू, म्हणजे त्याला जमिनीवर टेकवणाऱ्या घसरपट्ट्या, एक-दोन इंच खाली करावेत. मागचे ब्लेड उलटे फिरवून लावले तरी तोच परिणाम मिळतो. खडीच्या वाटेवर मीठ टाकू नये; साधे मीठ उणे 9 अंश सेल्सियसच्या खाली जवळजवळ निकामी होते, आणि त्याआधी गोठलेला पाया मऊ करून टाकते. पकड हवी असल्यास जाड वाळू बरी.

ब्लोअरची नळी तुंबणे

ओला बर्फ नळीत अडकला की चालक इंजिनाचा वेग कमी करतो, आणि नेमके त्यानेच तुंबणे वाढते. मागचा पीटीओ (इंजिनाची शक्ती अवजाराला देणारा दांडा) मिनिटाला 540 फेऱ्यांवर फिरत राहिला पाहिजे. कमी करायचा तो ट्रॅक्टरचा पुढे जाण्याचा वेग. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणाऱ्या यंत्रात हे पायाने सहज साधते, गिअरच्या यंत्रात सर्वांत खालचा गिअर घ्यावा लागतो. ब्लोअरची रुंदी मागच्या टायरांच्या बाहेरील कडांपेक्षा कमी असू नये, नाहीतर चाक न काढलेल्या बर्फावर चढते.

शिअर बोल्ट तुटत असेल, तर त्याच्या जागी मजबूत बोल्ट घालू नये. तो तुटण्यासाठीच असतो. तो तुटला नाही, तर गिअरबॉक्स तुटतो. योग्य प्रतीचे पाच-सहा बोल्ट आणि दोन पाने ट्रॅक्टरवरच ठेवावेत. आणि तुंबलेली नळी मोकळी करताना पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, पाती थांबलेली, एवढे झाल्यावरही हात न घालता काठीच वापरावी. या एका बाबतीत घाईला मी कोणतेही कारण मान्य करत नाही.

इंजिन सुरू होऊन बंद पडणे

कडाक्याच्या सकाळी ट्रॅक्टर सुरू होतो आणि पाच-दहा मिनिटांनी गुदमरून थांबतो. बॅटरीला दोष देण्यापूर्वी डिझेल फिल्टर पाहावा. उन्हाळ्यात भरलेले क्रमांक 2 चे डिझेल उणे 10 अंशांच्या आसपास गढूळ होऊ लागते आणि त्यातले मेणाचे कण फिल्टर बुजवतात. थंडीसाठीचे मिश्रण डिझेल गोठण्याआधी त्यात घालायचे असते. नंतर घातल्यास ते फारसे काही करत नाही, तेव्हा फिल्टर बदलून यंत्र उबदार जागी नेणे एवढेच उरते. ऑक्टोबरातच टाकीत हिवाळी डिझेल भरावे, आणि काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी म्हणजे आत दव धरत नाही. इंजिन गरम करणारा ब्लॉक हीटर कामाआधी दोन-तीन तास लावावा. सुरू झाल्यावर हायड्रॉलिक तेल पातळ व्हायला दहा-पंधरा मिनिटे द्यावीत, पण बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून नव्हे. दार पूर्ण उघडावे किंवा यंत्र बाहेर काढावे.

शेडच्या बुटक्या दारासाठी मागची संरक्षक कमान दुमडलेली असेल, तर बाहेर येताच ती उभी करून सीटचा पट्टा बांधावा. कमान दुमडलेली असताना मात्र पट्टा बांधू नये, कारण यंत्र उलटल्यास माणूस त्याच्याखाली अडकतो. परत आल्यावर बकेट आणि ब्लोअर जमिनीवर न टेकवता लाकडी फळ्यांवर उतरवावेत, नाहीतर धारेखालचे पाणी रात्रीत गोठते आणि सकाळी ती धार जमिनीतून उपटण्याच्या प्रयत्नात हायड्रॉलिक नळी फुटू शकते.