हत्तीपायाचा पाय घरी रोज कसा धुवावा

हत्तीरोगाच्या गोळ्या जंतांवर चालतात. एकदा सुजून घट्ट झालेला पाय मात्र त्यांनी उतरत नाही. तो वाढायचा थांबतो पाणी, साबण आणि कोरड्या फडक्याने. ऐकायला हे फार साधं वाटतं, म्हणूनच बहुतेक घरांत ते होत नाही.

रक्तवाहिन्यांतून पाझरलेलं पाणी आणि प्रथिनं गोळा करून परत रक्तात नेणारं नळ्यांचं एक वेगळं जाळं शरीरात असतं, त्या लसीकावाहिन्या. दिवसाला साधारण २ ते ४ लिटर द्रव त्यांतून वाहतो. पायाकडचा द्रव जांघेतल्या गाठींतून गाळून पोटात येतो आणि छातीतल्या मोठ्या नळीने वर चढून मानेच्या डाव्या मुळाशी शिरेत पडतो. या जाळ्याला हृदयासारखा पंप नाही. नळ्यांचं स्वतःचं आकुंचन, पोटरीची हालचाल आणि श्वास यांवर तो द्रव वर सरकतो, आणि आतल्या झडपा त्याला खाली घसरू देत नाहीत. हत्तीरोगाचा जंत नेमका या नळ्यांत वर्षानुवर्षं राहतो. नळ्या फुगतात, झडपा मिटेनाशा होतात आणि पाय चिबड वावरासारखा होतो: पाणी येतं, निचरा नाही.

अशा पायात जंतू शिरले की ते हटवणारी कुमक वेळेवर पोचत नाही. मग थंडी वाजून ताप, जांघेत अवधाण, पाय लाल आणि गरम. अशा प्रत्येक झटक्यात आणखी नळ्या निकामी होतात आणि कातडी जाड होते. जंतू शिरतात ते बहुधा बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्यांतून, टाचेच्या भेगांतून किंवा पऱ्हाटीचा खुंट लागलेल्या जखमेतून. ही दारं बंद ठेवणं हेच रोजचं काम.

त्याआधी सूज हत्तीरोगाचीच आहे ना, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात पाहून घ्या. दोन्ही पाय सारखे सुजले आणि दम लागतो किंवा चेहरा सुजतो, तर हृदय, किडनी, लिव्हर तपासावं लागतं. एकच पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. हत्तीरोगासाठी रक्त रात्री घेतात, कारण जंतांची पिल्लं रात्रीच अंगभरच्या रक्तात उतरतात, हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास चावायच्या वेळी. जुन्या हत्तीपायात मात्र या तपासणीत बरेचदा काहीच सापडत नाही. म्हणून रोग नाही, असं समजू नये.

आता धुणं. टब, मग, साधा आंघोळीचा साबण आणि दोन मऊ सुती फडकी घ्या. आरोग्य केंद्रात यासाठी किट मिळतं, आशाताईंना विचारा. उजेड असताना धुवा, नाहीतर भेगा दिसणार नाहीत. पाणी साधंच हवं. सुजलेल्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, मग कढत पाण्याने कातडी भाजते आणि कळत नाही.

पाटावर बसून आधी बरा पाय धुवा, मग सुजलेला. साबण हातावर फेसाळून गुडघ्यापासून खाली लावत या. ब्रश नको, घासणी नको, खरबरीत दगड तर नकोच. बोटांच्या बेचक्यांत आणि कातडीच्या घड्यांत पातळ फडक्याची वात फिरवा. वास तिथेच धरतो. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा.

खरी चूक होते ती पुसताना. पाय धुऊन ओलाच चपलेत घातला, तर न धुतल्यासारखाच, कारण ओलाव्यातच बुरशी वाढते. फडकं दाबून दाबून पाणी टिपा, रगडू नका. प्रत्येक बेचक्यात फडक्याचं टोक घाला. मग एकेक बोट बाजूला करून पाहा. कातडी पांढरी, भिजल्यासारखी, खाजरी दिसली तर ती बुरशी. तिथे क्लोट्रिमॅझोलसारखं बुरशीचं मलम लावा आणि बरं दिसू लागल्यावरही आठवडा-दोन आठवडे चालू ठेवा. पू किंवा लाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. टाचेच्या भेगांना व्हॅसलिन चालतं, बेचक्यांत तेलकट काही नको.

भंडारा-गोंदियाकडे रोवणीच्या दिवसांत चिखलात बूट टिकत नाही, हे खरं. तेव्हा बांधीतून बाहेर आलात की धुऱ्यावरच पाय स्वच्छ पाण्याने धुऊन दुपट्ट्याने कोरडा करा आणि रात्री पुन्हा नीट धुवा. कोरड्या वावरात अनवाणी जाऊ नका. चप्पल रुंद पट्ट्यांची, न काचणारी घ्या.

झोपताना बाजेच्या पायथ्याखाली दोन्ही बाजूंना दोन-दोन विटा एकावर एक आडव्या ठेवा. पाय साधारण १५ सेंटीमीटर वर येतो. हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दिवसातून दोन-तीनदा घोट्यापासून पाऊल वर-खाली आणि गोल फिरवा, भिंतीला धरून १०-१५ वेळा टाचा उचला. पोटरी हलली की द्रव वर सरकतो.

झटका आला की व्यायाम बंद. पाय उंच ठेवा, थंड पाण्याची घडी ठेवा, भरपूर पाणी प्या, पॅरासिटामॉल घ्या आणि डॉक्टरांकडे जा, कारण बहुधा अँटिबायोटिक लागतं. ताप अंगात असताना डीईसीची, म्हणजे हत्तीरोगाच्या जंतांवरची गोळी घ्यायची नाही. माणूस बरळायला लागला, दम लागला, उलट्या थांबेनात किंवा पू दिसला, तर रात्र काढू नका. बिब्बा, रुईचा चीक, डागणं, चोळणं, घट्ट चिंधी बांधणं: यातल्या प्रत्येकाने कातडी फुटते किंवा पाय आवळतो, आणि आपण बंद केलेलं दार आपणच उघडतो. पट्टी बांधायचीच असेल तर शिकलेल्या माणसाकडून बांधून घ्या.

घरातल्या बाकीच्यांनी सरकारी मोहिमेतल्या गोळ्या जेवून घ्याव्यात. २ वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं यांना त्या देत नाहीत. गोळीनंतर थोडा ताप किंवा चक्कर आली, तर बहुधा रक्तातली पिल्लं मरत असतात. म्हणजे गोळीची गरज होतीच.

महिन्यातून एकदा, सकाळी उठल्या-उठल्या, घोट्याच्या हाडापासून १० सेंटीमीटर वर टेपने घेर मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. झटक्याच्या दिवसाला गोल करा. रात्रीत उतरणारी सूज बरीच मागे जाऊ शकते. गाठाळ, दगडासारख्या पायाचा आकडा फारसा हलणार नाही, पण त्या पायावरही गोल कमी होतात आणि वास जातो.