नामांकित घराण्याची वापरलेली रत्नांगठी: पारख आणि मूल्यांकन

एखाद्या नामांकित दागिने-घराण्याची वापरलेली अंगठी विकत घेताना बहुतेकांचा हात सर्वप्रथम डब्याकडे आणि प्रमाणपत्राकडे जातो, आणि फसगतीची सुरुवातही बहुधा तिथूनच होते. डबा खरा असू शकतो, प्रमाणपत्रही खरे असू शकते आणि तरीही ती दोन्ही भलत्याच अंगठीची असू शकतात. म्हणून या लेखातील क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी धातू आणि घडण, मग खडा आणि सर्वात शेवटी कागद. या तिन्हींची पारख स्वतंत्रपणे करावी लागते, कारण बाजारात संपूर्ण बनावट अंगठीपेक्षा अधिक त्रास देते ती अर्धी खरी अंगठी, म्हणजे जिची घडण अस्सल आहे पण खडा बदललेला आहे, किंवा खडा उत्तम आहे पण त्यावरचे नाव नंतर कोरलेले आहे.

साधने फार लागत नाहीत. दहापट मोठे दाखवणारे चांगले भिंग, मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मोजणारा कॅलिपर, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत तोलणारा छोटा काटा आणि एक बारीक झोताची विजेरी एवढ्यावर निम्मे काम होते. रंगीत खडे वारंवार घेणार असाल तर डायक्रोस्कोप नावाची बोटभर लांबीची नळीही जवळ ठेवावी. तिचा उपयोग पुढे येईल.

अंगठी हातात आल्यावर खड्याकडे पाहण्याचा मोह आवरून ती उलटी धरावी आणि पट्टीच्या आतील बाजूचे ठसे वाचावेत. ७५० म्हणजे १८ कॅरट सोने, ५८५ म्हणजे १४ कॅरट, ९५० हा आकडा बहुधा प्लॅटिनमचा आणि ९२५ चांदीचा. अंगठी फ्रान्समध्ये घडलेली असेल तर १८ कॅरट सोन्यावर गरुडाच्या मस्तकाचा सूक्ष्म ठसा असतो, जो १८३८पासून वापरात आहे. प्लॅटिनमसाठी १९१२पासून कुत्र्याच्या मस्तकाचा ठसा आहे. हे ठसे बहुधा पट्टीच्या बाहेरच्या अंगाला मारलेले असतात, त्यामुळे फक्त आत शोधणाऱ्याला ते सापडत नाहीत. त्याच्या जवळपास चौकटीसारख्या तिरप्या समभुज आकारात कारागिराच्या कार्यशाळेची अक्षरे असतात. घुबडाचा ठसा दिसला तर मात्र थांबावे. फ्रान्समध्ये तो परदेशातून आलेल्या किंवा मूळ ठाऊक नसलेल्या सोन्यावर मारला जातो. त्यामुळे अंगठी खोटी ठरत नाही, पण विकणारा ‘पॅरिसच्या कार्यशाळेतली’ असे सांगत असेल तर त्याच्याकडून खुलासा मागण्याचा हक्क तुम्हाला मिळतो. इटलीतील ठशात तारा, निर्मात्याचा क्रमांक आणि प्रांताची दोन अक्षरे एकत्र असतात, तर ब्रिटनमध्ये बिबट्याचे मस्तक लंडनचे आणि जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा.

ठसा काय सांगतो यापेक्षा तो कसा उमटला आहे याकडे जास्त लक्ष द्यावे. पोलादी ठसा धातूवर ठोकला की धातू किंचित बाजूला सरतो आणि अक्षरांच्या कडा धारदार राहतात. लेझरने कोरलेली अक्षरे सर्वत्र एकसारख्या खोलीची दिसतात. याउलट अस्सल अंगठीचा साचा घेऊन ओतलेल्या नकलेत नाव साच्यातूनच उतरलेले असते, त्यामुळे अक्षरांच्या कडा गोलसर, तळ खडबडीत आणि मध्येच सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात. वर्षानुवर्षे वापरलेल्या अंगठीवरचा ठसा झिजलेला असणे स्वाभाविक आहे; संशय घ्यावा तो पट्टी झिजलेली आणि नाव मात्र काल कोरल्यासारखे लख्ख असेल तेव्हा.

यानंतर मापाची पडताळणी. अनेक युरोपीय घराणी पट्टीच्या आत मापाचा आकडा कोरतात आणि त्या पद्धतीत आकडा म्हणजे आतील परिघाचे मिलिमीटर. ५२ असे कोरलेले असेल तर आतील व्यास सुमारे १६.५ मिलिमीटर भरायला हवा. कॅलिपरने तो १७.८ भरला, तर परीघ जवळजवळ ५६ होतो, म्हणजे अंगठी नंतर कधीतरी वाढवलेली आहे. अशा वेळी पट्टीच्या तळाशी तोंडाची वाफ सोडावी. वाफेचा धूसर थर विरत असताना डाग दिलेल्या, म्हणजे धातू वितळवून सांधलेल्या जागी एक बारीक आडवी रेघ क्षणभर उठून दिसते, जी एरवी पॉलिशखाली लपलेली असते. माप बदलणे हा गुन्हा नाही, पण त्यात ठसे कापले गेले असतील, पट्टी पातळ झाली असेल किंवा सभोवार जडवलेले बारीक हिरे सैल झाले असतील तर किंमत खाली यायला हवी. वजनही तोलून ठेवावे. १८ कॅरट सोन्याची घनता १५च्या वर असते आणि चांदीची साडेदहाच्या आसपास, त्यामुळे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची अंगठी त्याच घाटाच्या सोन्याच्या अंगठीपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने हलकी भरते.

घडण पाहताना दर्शनी बाजू शेवटी ठेवावी. उत्तम कार्यशाळेची ओळख खड्याखालच्या जाळीत पटते, जिथे बोट आणि धातू यांच्यामध्ये कोणाचीही नजर जात नाही. बारीक हिऱ्यांमागची भोके सारख्या आकाराची, आतून घासून चकाकती केलेली असतात. नकलेत तीच भोके वेडीवाकडी किंवा ओतकामाच्या खरखरीसह तशीच सोडलेली आढळतात. खडा धरणारे पंजे एकाच उंचीचे आणि एकाच गोलाईचे हवेत. माझ्या हाती एकदा अशी अंगठी आली होती जिचे ठसे, क्रमांक आणि जाळी यांत बोट ठेवायला जागा नव्हती. पण चारपैकी दोन पंजांची टोके बाकीच्यांपेक्षा जाड होती आणि निळ्या खड्याच्या एका बाजूला केसाएवढी फट होती, ज्यातून विजेरीचा प्रकाश थेट आरपार येत होता. मूळ खडा किंचित मोठा होता आणि कोणीतरी तो काढून त्या जागी लहान खडा बसवला होता. विकणाऱ्याला याची कल्पना होती की नव्हती हे मला आजही सांगता येणार नाही.

अंगठीचा सांगितलेला काळ आणि तिच्यातील वस्तू यांचा मेळ बसतो का, हेही पाहावे. टांझानाइट हे रत्न १९६७मध्ये टांझानियात सापडले आणि पुढच्याच वर्षी टिफनी या घराण्याने त्याला ते नाव देऊन बाजारात आणले, त्यामुळे १९३०च्या दशकातील म्हणून दाखवलेल्या अंगठीत ते मूळचे असूच शकत नाही. पंजे न दिसता माणके किंवा नीलम एकमेकांना भिडवून बसवण्याच्या पद्धतीचे पेटंट व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या घराण्याने १९३३मध्ये घेतले. त्याआधीची तारीख सांगणाऱ्याची बाकीची विधानेही मग तपासून घ्यावीत.

आता खडा. येथे घाई सर्वात महाग पडते, कारण डोळ्याला रंग दिसतो, पण रंगावरून रत्न ठरत नाही. ब्रिटिश राजमुकुटातील ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ प्रत्यक्षात स्पिनेल हे वेगळेच रत्न आहे, हे प्रसिद्धच आहे. डायक्रोस्कोप इथे कामाला येतो. त्यातून माणिक पाहिले तर शेजारच्या दोन चौकटींत दोन वेगळे लाल रंग दिसतात, एक जांभळटाकडे झुकणारा आणि दुसरा नारिंगीकडे. स्पिनेल, गार्नेट आणि काच यांत मात्र दोन्ही चौकटी एकाच रंगाच्या राहतात. मात्र खडा एका विशिष्ट दिशेने पाहिल्यास माणिकही एकच रंग दाखवते, म्हणून अंगठी फिरवून तीन-चार बाजूंनी पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. रत्नपारख्याकडे वक्रीभवनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचा अंक, मोजण्याचे यंत्र असेल तर काम सोपे होते. माणिक आणि नीलम यांचा अंक सुमारे १.७६ ते १.७७, नैसर्गिक स्पिनेलचा सुमारे १.७२ आणि पाचूचा १.५८च्या आसपास असतो.

पण खडा माणिक आहे हे ठरले तरी तो खाणीतून आला की भट्टीतून, हा प्रश्न उरतोच. व्हर्न्यूई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्वालेत पूड वितळवून माणिक बनवण्याची रीत १९०२मध्ये जाहीर केली, तेव्हापासून अशी माणके दागिन्यांत आहेत. म्हणजे शंभर वर्षे जुन्या अंगठीतला खडाही कृत्रिम असू शकतो, ‘जुनी आहे म्हणजे खडा खरा’ हे गणित चालत नाही. भिंगाखाली अशा खड्यात ग्रामोफोनच्या तबकडीवरील खाचांसारख्या वक्र रेषा आणि गोल बुडबुडे दिसतात. नैसर्गिक नीलमात रंगाचे पट्टे सरळ असतात आणि एकमेकांना कोनात मिळतात, तर कधी रुटाइल या खनिजाच्या अतिसूक्ष्म सुया ६० अंशांच्या कोनात छेदताना रेशमासारख्या चमकतात. पूर्ण निर्दोष, गडद आणि मोठे माणिक स्वस्तात मिळत असेल तर आनंद मानण्याआधी त्या वक्र रेषा शोधाव्यात.

प्रक्रियांचा विचार यानंतर. माणिक आणि नीलम तापवून रंग सुधारणे ही जुनी आणि सर्वमान्य प्रथा आहे, पण न तापवलेल्या खड्याला लक्षणीय जास्त भाव मिळतो, म्हणून तसा दावा फक्त प्रयोगशाळेच्या अहवालावरून मान्य करावा. खरी काळजी घ्यावी ती शिशाची काच भरलेल्या माणकांची. विजेरीखाली खडा हळूहळू फिरवला की भेगांमधून निळी किंवा नारिंगी झळक चमकून जाते आणि भेगांत चपटे बुडबुडे दिसतात. अशा खड्यातली काच लिंबाच्या रसानेही खराब होऊ शकते, आणि दुरुस्तीसाठी अंगठीला डाग देताना ज्योतीची आच लागली तर खडा गेलाच. पाचूमध्ये तेल भरलेले असणे नेहमीचे आहे. प्रश्न असतो तो किती. म्हणून पाचूची अंगठी अल्ट्रासॉनिक यंत्रात टाकून ‘आधी स्वच्छ करून पाहू’ असे कोणी म्हटले तर अंगठी परत मागून घ्यावी.

हिऱ्याच्या बाबतीत खिशात मावणाऱ्या, खड्यातून उष्णता किती वाहते ते तपासणाऱ्या यंत्रावर अवलंबून राहू नये. ते मॉइसॅनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या खड्यालाही हिरा म्हणू शकते आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर ते हिरा म्हणूनच दाखवणार, कारण रासायनिकदृष्ट्या तो हिराच आहे. मॉइसॅनाइट भिंगाने ओळखता येते, कारण तिरके पाहिल्यास मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. खाणीतला आणि वाढवलेला हिरा यांतला फरक मात्र प्रयोगशाळेनेच सांगावा. मुख्य खड्याभोवतीच्या बारीक हिऱ्यांकडेही एक नजर टाकावी. हरवलेल्या हिऱ्याच्या जागी बसवलेल्या झिर्कॉनिया या कृत्रिम खड्याच्या कडा काही वर्षांत बोथट होतात आणि शेजारच्या हिऱ्यांच्या कडा तशाच धारदार राहतात.

आता कुठे कागद उघडावेत. जीआयए, एसएसईएफ किंवा ग्यूबलिन यांच्यासारख्या प्रयोगशाळेचा अहवाल असेल तर त्याचा क्रमांक विक्रेत्याने पाठवलेल्या दुव्यावर न तपासता स्वतः प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर जाऊन तपासावा. नंतर मापे जुळवावीत. समजा, अहवालात अंडाकृती नीलमाचे वजन २.१० कॅरट लिहिले आहे आणि तुमच्या कॅलिपरवर खडा ८ मिलिमीटर लांब, ६ रुंद आणि ४ खोल भरतो. अंडाकृती रंगीत खड्यासाठी लांबी, रुंदी, खोली, घनता आणि ०.००२० यांचा गुणाकार केला की अंदाजे वजन मिळते. नीलमाची घनता ४ धरली तर उत्तर सुमारे १.५४ कॅरट येते. कोंदणातल्या खड्याची खोली अचूक मोजता येत नाही आणि सूत्रही ढोबळ आहे, पण अर्ध्या कॅरटहून जास्त तफावत त्याने झाकली जात नाही. तो कागद दुसऱ्याच खड्याचा आहे. अहवालाची तारीखही महत्त्वाची असते. बेरिलियम वापरून नीलमाचा रंग बदलण्याची प्रक्रिया २००२च्या सुमारास उघडकीस आली, त्यामुळे त्याआधीच्या अहवालात तिचा उल्लेख नसणे हा काहीच पुरावा नाही. पाचूतले तेलही काळाबरोबर सुकते किंवा नव्याने भरले जाते, म्हणून जुन्या अहवालातील तेलाच्या प्रमाणावर आजचा भाव ठरवू नये. घराण्याच्या नावाबद्दल शंका उरली तर क्रमांकासह थेट घराण्याकडे विचारणा करावी. काही घराणी आपल्या दप्तरातून नोंद शोधून देतात, सगळीच देतात असे नाही.

मूल्यांकनात पहिला प्रश्न असतो तो मूल्य कशासाठी हवे आहे. विम्यासाठी काढलेला आकडा म्हणजे तशीच नवी अंगठी आज दुकानातून घ्यायला लागणारी रक्कम असते आणि ती विकताना हातात पडणाऱ्या रकमेपेक्षा बरीच जास्त असते. तोच कागद दाखवून ‘मी निम्म्यात देतो आहे’ असे म्हणणारा विक्रेता तुम्हाला काहीच सवलत देत नसतो. खरेदीसाठी हवा तो प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांचा भाव. क्रिस्टीज, सदबीज, बॉनहॅम्स यांसारख्या लिलावगृहांचे निकाल ऑनलाइन पाहता येतात. त्यांतून त्याच घराण्याच्या, त्याच घाटाच्या आणि जवळपासच्या वजनाच्या अंगठ्या निवडाव्यात. विक्रीपूर्वीचा अंदाज आणि जाहिरातीतली मागणी यांना मोजूच नये. जाहीर होणाऱ्या निकालात बहुधा खरेदीदाराने भरलेले शुल्क मिळवलेले असते आणि विकणाऱ्याला हातोडीच्या किमतीतून, म्हणजे लिलावातल्या शेवटच्या बोलीतून, लिलावगृहाचे कमिशन वजा होऊन पैसे मिळतात, हा फरकही ध्यानात ठेवावा.

हिशेब मांडताना मी धातू, खडा आणि नाव यांची किंमत वेगवेगळी लिहितो. धातूची किंमत वजन आणि शुद्धतेवरून, खड्याची तशाच सुट्या खड्यावरून, आणि या दोन्हींवर जो अधिकचा पैसा मागितला जात आहे तो नावाचा. हा तिसरा आकडा कागदावर वेगळा दिसला की वाटाघाट सोपी होते, कारण खडा बदललेला असेल, पट्टी कापून वाढवलेली असेल किंवा ठसे पुसट झाले असतील तर घट याच आकड्यात करायची असते. मूल्यांकन करणारा माणूस तीच अंगठी विकत घेण्यास उत्सुक नसावा आणि त्याचे शुल्क ठरलेले असावे, मूल्याच्या टक्केवारीत नसावे.

व्यवहार ठरला तर पावतीवर घराण्याचे नाव, पट्टीवरचा क्रमांक, धातू, खड्याचा प्रकार आणि त्यावरील प्रक्रिया हे सर्व विक्रेत्याकडून लिहून घ्यावे, आणि प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत अंगठी परत करण्याची मुदतही त्यातच नमूद करावी. विक्रेता तोंडी सगळे मान्य करतो पण लिहून द्यायला तयार होत नसेल, तर नावासाठी वेगळे पैसे मोजू नयेत आणि अंगठीचा भाव फक्त सोने व खडा यांवर करावा.