स्प्लेंडर-पल्सर सोडून क्रूझर घेताय? मग या चुका टाळा (खास इंदूरकरांसाठी)

राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर, संध्याकाळी कुठेही चक्कर मारा, दोन-चार दारांत तरी रॉयल एनफिल्डची मीटिओर नाहीतर क्लासिक उभी दिसतेच. ही जड, आरामशीर क्रूझर घेणारा बहुतेक वेळा तोच असतो ज्याने कॉलेजपासून नोकरीपर्यंत स्प्लेंडर नाहीतर पल्सर चालवलीय, आणि त्याला वाटतं इतकी वर्षं गाडी चालवतोय, आता नवीन काय शिकायचं. शोरूममधून गाडी एका दिवसात घरी येते हो, पण हातपाय अजून जुन्याच गाडीचे असतात आणि जवळपास सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात. आमच्या रायडिंग ग्रुपमध्ये नवीन येणारी मंडळी सारखी त्याच जागी अडकतात, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

पाय अजून स्प्लेंडरवरच आहे

हे सगळ्यात आधी, कारण यात पडायला होतं. स्प्लेंडरसारख्या चार गिअरच्या गाड्यांत सगळे गिअर पुढे दाबून पडतात, पंजाने दाबलं की गिअर वाढतो, टाचेने दाबलं की कमी होतो. मीटिओरलाही टाच-पंजाचा तसाच लांब लिव्हर आहे, दिसायला अगदी ओळखीचा, पण काम बरोब्बर उलटं. पहिला खाली, बाकीचे वर, म्हणजे टाचेने दाबलं की गिअर वाढणार आणि पंजाने दाबलं की कमी होणार. आता विचार करा, बायपासवर चौथ्यात सत्तरने चाललाय, पाचवा टाकायचाय, पाय सवयीने पुढे दाबतो आणि गाडी तिसऱ्यात जाते. क्लच झटकन सोडला तर मागचं चाक अडकल्यासारखं होऊन गाडी शेपूट हलवते. कोरड्या रस्त्यावर निभावून जाईल, पावसात नाही निभावणार.

उपाय काही मोठा नाही. पहिले काही दिवस टाचेची पट्टी आहे हेच विसरून जा, पंजाने खाली आणि पंजाने वर एवढंच करा, बूट थोडा घासेल तर घासू द्या. पल्सरवाल्यांना हा त्रास नाही कारण त्यांचा पॅटर्न तोच आहे, त्यांचा त्रास पुढे येतोय.

वजन उभ्या गाडीत असतं

पल्सर १५० साधारण १४८ किलोची, मीटिओर १९१ किलोची, नवीन क्लासिक १९५. चाळीस-पन्नास किलोचा फरक चालत्या गाडीत कळतच नाही, उलट गाडी जास्त स्थिर वाटते, म्हणून माणूस खूश होतो. हा फरक कळतो राजवाड्याच्या मागच्या गल्लीत यू टर्न घेताना, सराफ्यात रात्रीच्या गर्दीतून गाडी काढताना, नाहीतर आपल्याच सोसायटीच्या गेटमध्ये.

नवीन क्रूझर पहिल्यांदा आडवी पडते ती शंभरच्या स्पीडला नाही, पाचच्या स्पीडला. हँडल पूर्ण वळलेलं असतं, समोर कुणीतरी येतं, चार बोटं सवयीने पुढचा ब्रेक दाबतात, पुढचे शॉकअप दबतात आणि सगळं वजन वळलेल्या बाजूला जातं. हलक्या गाडीत पाय टेकवून सावरता यायचं, इथे १९१ किलो एकदा कलली की पाय काढून घेतलेलाच बरा, घोटा वाचेल. म्हणून सावकाश वळताना पुढच्या ब्रेकवरून बोटं काढायची, मागचा ब्रेक किंचित दाबून धरायचा, क्लच अर्धा, थोडी रेस चालू, आणि नजर खाली चाकाकडे न ठेवता जिकडे जायचंय तिकडे. रविवारी सकाळी सुपर कॉरिडॉरला रिकामी जागा बघून दोन्ही बाजूंनी आठाचा आकडा काढत बसा, लोक बघतील तर बघू देत. एक मात्र नीट समजून घ्या, हे फक्त सावकाश वळण्यापुरतं. सरळ रस्त्यावर जोरात थांबायचं तेव्हा पुढचा ब्रेकच मुख्य, आणि "क्रूझर आहे, मागच्यानेच थांबवायची" असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला नमस्कार करा आणि पुढे व्हा.

पार्किंगचं पण तेच. उतारावर तोंड खाली करून लावली तर परत मागे ओढताना कंबर जाते, म्हणून आधीच मागे घेऊन लावायची, तोंड चढाकडे, पहिला गिअर टाकून साइड स्टँडवर. पावसाळ्यात मातीत स्टँड रुतू नये म्हणून खाली एक चपटा दगड सरकवायचा, एवढं केलं की झोप लागते.

आणि पडलीच तर. समोरून हँडल धरून ओढू नका, त्याने पाठ जाते आणि गाडी तिथेच राहते. आधी किल सुइच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण. उजवीकडे पडली असेल तर डावीकडचा साइड स्टँड आत्ताच उघडून ठेवा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे पडेल. गिअरमध्ये असू द्या म्हणजे चाक फिरणार नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटला बूड टेकवून खाली बसायचं, एका हाताने जमिनीकडचा हँडल ग्रिप, दुसऱ्याने मागची पकड, पाठ सरळ, आणि पायांनी छोटी छोटी पावलं मागे टाकत गाडी ढकलत न्यायची. जोर सगळा मांड्यांचा. हे जमायला ताकद फार लागत नाही, ग्रुपमधल्या बारीक अंगाच्या मुलींनी करून दाखवलेलं बघितलंय.

"भाऊ, कंबर दुखते, सीट बदलू का?"

थांबा जरा, दहा हजार घालवू नका. पल्सरवर पाय खाली-मागे असतात त्यामुळे खड्डा दिसला की आपण नकळत बूड उचलतो. क्रूझरवर पाय पुढे असतात, बूड उचलताच येत नाही, सगळा दणका सरळ माकडहाडावर. म्हणजे खड्ड्याची सवय बदलायची, खड्ड्याआधी स्पीड कमी. शिवाय लोक हँडलला लोंबकळतात, पाठ गोल करून बसतात. थोडं पुढे सरकून बसा, कोपर सैल, टायरची हवा मॅन्युअलप्रमाणे, एकटे आणि डबल सीट वेगळी असते ती. तरीही महिनाभराने दुखत असेल तर मग सीटचं बघू.

ठुक ठुक आवाजाचा शौक

लोकांना तो थंप हवा असतो, म्हणून पाचव्यात पस्तीसने गाडी चालवतात आणि चढाला थ्रॉटल पिळतात. मग इंजिन आतून ठोकतं, चेनला झटके बसतात, गाडी थरथरते आणि पोस्ट पडते की व्हायब्रेशन फार आहे काय करू. या ३४९ सीसी इंजिनचा २७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, ४००० आरपीएमला मिळतो, तुम्ही त्याला फार खालच्या आरपीएमवर रडवताय. मीटिओरला आरपीएम काटा नाही हे खरं, पण झटके कळतात ना, झटका आला की एक गिअर खाली. भेरूघाटात, सिमरोलच्या पुढे, हे दर वेळी दिसतं, समोरचा ट्रकमागे अडकून चौथ्यातच कण्हत असतो. एवढं करूनही थरथर राहिली तर मग चेनचा ढिलेपणा, इंजिन माउंटिंगचे बोल्ट, आणि लेग गार्ड कुठे सैल तर नाही ते बघा, निम्म्या वेळा लेग गार्डच निघतो.

ऑइल, बॅटरी आणि स्टार्ट न होणं

क्लच घसरतो, रेस वाढते पण गाडी पळत नाही अशी तक्रार असली की आमच्याकडचा मेकॅनिक पहिला प्रश्न हाच विचारतो, "भिया, कार वाला ऑइल तो नी डलवा दिया?" कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ असतात, आणि मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला, मग घसरणार नाही तर काय. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (असल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं हवं, ग्रेड १५डब्ल्यू ५०. पहिली सर्व्हिस ५०० किलोमीटरची, ती लांबवू नका.

सेल्फ लागत नाही? टो करायला फोन करण्याआधी किल सुइच बघा, मग साइड स्टँड. स्टँड खाली असून गिअर टाकला की इंजिन बंद पडतं, ही सोय आहे, बिघाड नाही, पण रोज कुणीतरी घाबरतो. मीटिओर-क्लासिकमधल्या नवीन जे सिरीज इंजिनांना किक नाहीच, त्यामुळे जास्तीचे लाइट, चार्जर, हॉर्न असं काहीही रिले आणि फ्यूजशिवाय बॅटरीला डायरेक्ट जोडलंत तर एखाद्या सकाळी जानापावच्या पायथ्याशी गाडी ढकलत बसाल, आणि १९१ किलो दुसऱ्या गिअरमध्ये ढकलून स्टार्ट करणं काय असतं ते तेव्हा कळेल.

सायलेन्सरबद्दल एकच सांगतो. गाडीत बेकायदा बदल केला तर मोटर वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि आवाज-प्रदूषणाचं कलम १९० लागलं तर १०,००० पर्यंत. शिवाय रात्री अकराला गल्लीत फटाके फोडत येणाऱ्यामुळे सगळ्या क्रूझरवाल्यांना शिव्या बसतात, चांगल्या ग्रुपमध्ये असल्या गाडीला राइडला घेतच नाहीत. बरोबरच आहे.

ग्रुपमध्ये पहिल्यांदा जाताना

इथे लोकांचा अंदाज पार चुकतो. त्यांना वाटतं जॅकेट, पॅचेस, हेल्मेटवर कॅमेरा असं सगळं असलं की आपण आत. ग्रुप लीडर काय बघतो? तुम्ही वेळेवर येता का, टाकी भरलेली आहे का, आणि मागच्याला तुमचा अंदाज लागतो का. मीटिओरची टाकी १५ लिटरची, मांडूला जाऊन परत यायला रस्त्यात पेट्रोल लागतच नाही, तरी दर राइडला एक वीर राऊ सर्कलला पोहोचून म्हणतो "जरा पंपावर जाऊन येतो", आणि बाकीचे सगळे उभे, पोहे निवतात.

रस्त्यावर गाड्या झिगझॅग चालतात, एक डाव्या बाजूने, पुढचा उजव्या बाजूने, म्हणजे आपल्याच बाजूच्या समोरच्या गाडीपासून दोन सेकंद अंतर मिळतं. घाट आला, रस्ता अरुंद झाला की एकामागे एक. नवीन माणसाला लीडरच्या मागे ठेवतात, त्यात अपमान काही नाही, तिथे स्पीड सगळ्यात एकसारखा असतो, मागे मागे मात्र रबर ताणल्यासारखं होतं. सगळ्यात शेवटी स्वीप असतो, म्हणजे कुणी मागे राहू नये हे बघणारा, त्याच्या मागे राहायचं नाही, थांबायचं असेल तर त्याला हात करून थांबायचं.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा: पुढच्याने ट्रक ओव्हरटेक केला म्हणून तुम्ही करायचा नाही. त्याला दिसलं होतं तेव्हा रस्ता मोकळा होता, तुमच्यासाठी तो वेगळा रस्ता आहे. मागे राहिलात तर पुढच्या चहाला गाठाल, कुणी काही म्हणत नाही, आणि म्हणत असेल तर तो ग्रुप सोडा.

पावसाळ्यात अजून एक. मागून बस हॉर्न मारते म्हणून डांबर सोडून कडेला उतरू नका. ही आपल्या माळव्याची काळी माती आहे, भिजली की टायरच्या खाचा लिंपून टाकते, पुढच्या मडगार्डमध्ये भरून चाक जाम होतं, आणि रुंद टायरची जड गाडी त्यात अशी बसते की चौघांना उतरावं लागतं. बसला जाऊ द्या, पण डांबरावर राहूनच, आणि थांबायचं ते ढाब्याच्या नाहीतर पंपाच्या पक्क्या जागेवरच.

जुनी बुलेट चालवायला मिळाली तर

ग्रुपमध्ये एखादे काका असतातच ज्यांच्याकडे जुनी, ओतीव लोखंडी इंजिनवाली बुलेट असते, आणि तुम्ही दोन-तीन राइडला नीट वागलात की ते स्वतःच म्हणतात, "घे रे, एक चक्कर मारून ये." हो म्हणण्याआधी त्यांना शांतपणे विचारा, "काका, गिअर कुठल्या बाजूला?" जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, आणि पहिला वर, बाकीचे खाली. म्हणजे घाबरून उजवा पाय दाबलात तर ब्रेक लागणार नाही, गिअर वाढेल.

किक मारायची पण रीत आहे. अँपिअरचा काटा बघत डीकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारी कळ) दाबून किक हळूच सरकवायची, काटा मधोमध आला की डीकॉम्प्रेसर सोडायचा, किक परत वर घ्यायची आणि मग पूर्ण वजनाने एकच सपाट किक, अर्धवट नाही. अर्धवट मारलीत तर ती उलटी येते आणि नडगीवर बसते, म्हणून चपलेत हा प्रयोग करायचा नाही, बूट हवेत. स्टार्ट झाल्यावर लगेच निघू नका, तिथेच उभं राहून दोन्ही पायांनी एकदा ब्रेक आणि गिअर चाचपून बघा, काका हसतील थोडे, हसू द्या.