बेस गायब, ॲम्पला लाल लाइट? नवीन घ्यायच्या आधी या चुका बघा

माझ्या गाडीतला ॲम्प, म्हणजे डिकीतल्या वूफरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर, तीन महिने खराब होता, म्हणजे मी तसं समजत होतो. कमी आवाजात एकदम झकास, पण व्हॉल्यूम जरा वर नेला की दोन ठोके पडायचे आणि गप्प, लाल लाइट, पाच सेकंदांनी परत चालू. जिथं बसवून घेतलेला तिथं दाखवलं तर म्हणाले ॲम्प गेला, नवीन घाला. मी घालणारच होतो, पण एका रविवारी रंकाळ्यावर गाडी लावलेली असताना मित्रानं डिकीतलं कार्पेट वर केलं आणि हसायलाच लागला. ॲम्पची काळी, म्हणजे अर्थिंगची वायर पत्र्याला एका साध्या स्क्रूनं आवळलेली, खाली गाडीचा रंग तसाच, स्क्रूभोवती गंजाची तांबडी रिंग. म्हणाला, "भावा, ॲम्प कुठला जातोय, तुझं अर्थिंगच गंडलंय."

पॉलिश पेपरनं रुपयाच्या नाण्याएवढी जागा पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासली, वायरच्या टोकाला रिंगवाली लग, बोल्ट, दातेरी वॉशर, वरनं थोडं ग्रीस. झालं, त्यानंतर एकदाबी प्रोटेक्टला, म्हणजे लाल लाइट लावून आपोआप बंद, गेला नाही.

हे असं का होतं ते समजून घ्या, कारण निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. ५०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येते ती खरी पॉवर) क्लास डी ॲम्प पूर्ण जोरात ४० ते ४५ अँपिअर ओढतो. अर्थिंगच्या जोडाला नुसता ०.०५ ओहमचा अडथळा असला तरी ४० अँपिअरला २ व्होल्ट तिथंच खाल्ले जातात. बॅटरी १२.४ दाखवतेय आणि ॲम्पला मिळतायत १०.४, मग तो बंद पडणार नाही तर काय करणार. बघायचं सोपं आहे, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक ॲम्पच्या ग्राउंड टर्मिनलला आणि दुसरं लांब वायर जोडून बॅटरीच्या निगेटिव्हला, गाणं मोठ्यानं लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंग नाहीतर वायर, दोन्हीतलं एक कमजोर आहे. आणि हो, सीटबेल्टच्या बोल्टला अर्थिंग देऊ नका, तो बोल्ट जीव वाचवायला आहे.

वायरचं पण तसंच. वरनं जाड प्लॅस्टिक, त्यावर ४ गेज छापलेलं, आणि आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. एक तार चाकूनं खरवडा, आत पांढरं दिसलं की समजा. तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या साधारण दीडपट किंवा जास्तच असतो, त्यामुळं तीच वापरायची असेल तर एक साइज जाड घ्या. बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होते ती बऱ्याचदा याच भानगडीमुळं, लोक मात्र आधी कपॅसिटर आणायला पळतात.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत पाहिजे. ॲम्पला आतला फ्यूज आहे की, असं म्हणणारे भेटतात, पण तो ॲम्प वाचवतो, बॅटरीपासून डिकीपर्यंतची चार-पाच मीटर वायर नाही. ती बॉनेटमधनं आत येताना पत्र्याच्या धारेला घासून उघडी पडली तर जाळ अन् धूर संगटच. तिथं रबरी बुश घाला.

आता लाल लाइट कायमच लागलेली असेल तर अंदाज मारत बसू नका. ॲम्प बंद करून वूफरच्या वायरी काढा, चालू करा. लाइट गेली तर भानगड वूफरमध्ये किंवा त्याच्या वायरीत. नाही गेली तर आरसीए, म्हणजे डेकमधनं (गाडीच्या स्टिरिओतनं) गाण्याचा सिग्नल आणणारी वायर, काढून बघा. फक्त पॉवर, अर्थिंग आणि रिमोट (डेकसोबत ॲम्प चालू-बंद करणारी बारीक वायर) ठेवून, आणि मीटरवर व्होल्टेज बरोबर असूनही लाल, तर मात्र ॲम्प रिपेअरलाच.

वूफरची गडबड बहुतेक ओहमची असते. डबल कॉइलचा, प्रत्येक कॉइल ४ ओहमची असलेला वूफर, दोन्ही कॉइल पॅरलल केल्या की २ ओहम, सीरिजमध्ये ८. असले दोन वूफर सगळे पॅरलल जोडले की १ ओहम, आणि तुमचा फोर चॅनेल ॲम्प ब्रिज करून (दोन चॅनेल एकत्र जोडून) बहुतेक ४ च्या खाली चालत नाही. मीटरवर ४ ची कॉइल ३.२ ते ३.८ दाखवते, घाबरू नका. शून्याजवळ दाखवली तर शॉर्ट, काहीच नाही दाखवली तर तुटलेली. कोन दोन्ही हातांनी हळू दाबून बघा, खरखर लागली किंवा जळका वास आला तर कॉइल गेली.

आणि ती जाते गेनमुळं. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, डेकचा सिग्नल ॲम्पनं किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब, तरी आपल्याकडं ज्याला त्याला तो फुल्ल पाहिजे. पीक पॉवर २००० वॅट छापलेलं बघून भुलू नका, आरएमएस बघा. वूफर काढून ठेवा, गेन शून्यावर, इक्वलायझर सपाट, बेस बूस्ट बंद, डेक पाऊण व्हॉल्यूमवर आणि ५० हर्ट्झचा शून्य डीबी टेस्ट टोन लावा. मीटर एसी व्होल्टवर घेऊन ॲम्पच्या आउटपुटला लावा आणि गेन हळूहळू वाढवा. ३०० वॅट आणि ४ ओहमला साडेचौतीस व्होल्ट आले की थांबा, २ ओहमला साडेचोवीस. बेस बूस्टचा बटन तर मी विसरूनच गेलोय, ६ डीबी वाढवलं की ॲम्पला चौपट पॉवर लागते, ती आणणार कुठनं? लो पास (वरचे सूर वूफरकडं न सोडणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, पोर्टवाला, म्हणजे हवेसाठी भोक असलेला बॉक्स असेल तर सबसॉनिक (अगदी खालचे सूर अडवणारा फिल्टर) चालू करा. सगळं बरोबर असून बेस मेल्यासारखा वाटला तर फेजचा स्विच ० वरनं १८० करून बघा, दोन सेकंदांचं काम आहे.

ॲक्सिलरेटर दिला की कुंई असा आवाज वाढतो? आधी अर्थिंग, मग आरसीए पॉवरच्या वायरीसोबत एकाच बाजूनं आणलीय का बघा. दोन्ही वेगवेगळ्या बाजूंनी न्या.

सकाळी बॅटरी उतरलेली असते त्यांनी रिमोट वायर बघा. डेकच्या निळ्या-पांढऱ्या वायरीऐवजी सरळ चोवीस तास १२ व्होल्टवर जोडलेली असली की ॲम्प रात्रभर जागाच. डेक बंद करून ॲम्पची लाइट विझतेय का तेवढं बघायचं.

पावसाळ्यात सीटखालचा ॲम्प ही वेगळीच डोकेदुखी, गगनबावड्याला जाऊन आलं की मॅट आठवडाभर ओली. २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेचं पाणी ज्यांच्या पार्किंगमध्ये आलं त्यांना विचारा. पाणी शिरलं असेल तर चालू करून बघायचा मोह आवरा, बॅटरीजवळचा फ्यूज काढा, ॲम्प उघडून पूर्ण वाळवून घ्या आणि मगच फ्यूज परत लावा.