सात जणांची गाडी घेताना आधी डिकी उघडा

कोल्हापुरातल्या शोरूममध्ये पहिल्यांदा बॉनेट दाखवतात, मग सनरूफ. तुम्ही सरळ मागं जाऊन डिकी उघडा. तिसरी रांग उभी ठेवायला सांगा आणि मागं काय मावतंय ते बघा. अर्टिगात २०९ लिटर उरतात, म्हणजे दोन मध्यम बॅगा आणि वर नारळाची पिशवी. स्कॉर्पिओ-एन बाहेरून वीतभर लांब, तरी तिची तिसरी रांग उभी केली की मागं दप्तरं ठेवण्यापुरतीच जागा. दोन्हींच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जवळपास सारखंच, २७४० आणि २७५० मिलिमीटर. स्कॉर्पिओची बॉडी शिडीसारख्या चासीवर बसवलेली, त्यामुळं तळ उंच. लांबीतला बराच वाटा बॉनेट खातं. गाडी मोठी दिसते म्हणून आत जागा जास्त, हा हिशेब इथंच चुकतो.

सीएनजी घेणार असाल तर टाकी डिकीतच येते. सात माणसं आणि सामान दोन्ही न्यायचं, तर टपावरच्या कॅरिअरशिवाय गत्यंतर नाही.

ट्रायलला घरातली सगळी माणसं न्या. आजीला मधल्या सीटवर चढायला लावा. पायरी गुडघ्याच्या वर असेल तर त्या दर पौर्णिमेला जोतिबाला येणार नाहीत, एवढं धरून चाला. सगळ्यात उंच माणूस तिसऱ्या रांगेत बसवा. मांडी सीटला टेकत नसेल आणि गुडघे छातीकडं येत असतील, तर ती जागा दहावीपर्यंतच्या पोरांचीच. सपाट हायवेवर दोन किलोमीटर फिरवून कुठलीच गाडी कळत नाही. केर्लीवरून जोतिबाचा चढ मागा, सातही जण बसवून, एसी चालू ठेवून. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी कण्हायला लागली, तर गगनबावड्याच्या पुढं करूळ घाटात काय होईल ते तिथंच कळतं.

डिझेल कुणी घ्यावं? ज्याचं महिन्यातून दोन-तीनदा कोकणात नाहीतर पुण्याला जाणं आहे, त्यानं. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतल्या, डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. ती काजळी जाळायला गाडी बऱ्यापैकी वेगात वीसेक मिनिटं सलग पळावी लागते. राजारामपुरी ते बिंदू चौक एवढंच रोजचं असेल तर जाळी तुंबते, डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो आणि पुढं खर्च. शहरापुरत्या वापराला पेट्रोल किंवा हायब्रिडच बरी.

कराचं गणितही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या गाडीला, पेट्रोल १२०० किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर, १८ टक्के जीएसटी. त्यावरच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४०. बोलेरो आणि ट्रायबर १८ मध्ये बसतात. पण बोलेरोची तिसरी रांग म्हणजे आडवी बाकडी. घाटाच्या वळणांवर तिथं बसलेल्याला मळमळतं.

बुकिंगच्या आधी टेप घेऊन गल्ली मोजा. अर्टिगाची रुंदी १७३५ मिलिमीटर, इनोव्हा क्रिस्टाची १८३०, स्कॉर्पिओ-एनची १९१७. ही आरसे सोडून. आरसे धरले की वीतभर वाढवा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत एका बाजूला दुचाकी लावलेल्या असतात, तेव्हा मोजमाप त्या उभ्या असताना घ्या. शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्कच्या सखल भागात राहत असाल तर विम्यात इंजिन प्रोटेक्शन घ्याच. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल्फ मारला की पाणी सिलिंडरमध्ये शिरतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साधा विमा बहुधा त्याचे पैसे देत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट. पाणी तिकडं सरकायला लागलं की गाडी उंचावर नेऊन लावा.

आता लोकांच्या नजरेचं. इथं मोठी गाडी दिसली की माणूस आधी ठरवतो, आत कारखान्याचा संचालक नाहीतर त्याचा मेहुणा. ‘रस्ता काय बापाचा हाय का?’ हे ऐकू येतं ते गाडीच्या आकारापेक्षा महाद्वार रोडवर वाजवलेल्या हॉर्नमुळं. काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाची २०१२ पासून बंदी आहे. बुलगार्ड, म्हणजे बंपरपुढचा लोखंडी कठडा, तोही बेकायदा, शिवाय त्यानं धडकेचा जोर थेट चासीवर जातो. दोन्ही लावू नका. निम्मा राग तिथंच संपतो.

राग अगदीच बिनबुडाचा नाही. ड्रायव्हर सीटवर बसा आणि कुणाला तरी बंपरला टेकून बादली ठेवायला सांगा. ती हळूहळू पुढं सरकवत न्या. काठ दिसायला लागेल तिथं खूण करा आणि बंपरपासून पावलं मोजा. तेवढ्या अंतरात फुटबॉल आणायला वाकलेलं पोर तुम्हाला दिसत नाही. गल्लीतून निघताना एकदा गाडीपुढून चालत जाऊन मगच बसा.

रात्रीचं एक राहिलं. मागं माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि लो बीमसुद्धा समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत जातो. स्टिअरिंगच्या उजवीकडं, डॅशबोर्डवर हेडलाइटचा झोत खाली-वर करणारी, शून्य ते तीन आकड्यांची चकती बहुतेक गाड्यांत असते. एकटे असाल तर शून्य, गाडी भरली की दोन किंवा तीन. भिंतीपुढं उभी करून फिरवून बघा, उजेडाची रेघ खाली येताना दिसते.